भूत निर्दोष, मांजर मात्र दोषी!

जुन्या भयपटातले मांजर पडद्यावर फार तर तीन-चार सेकंद टिकते. वादळी रात्र असते, पडक्या हवेलीत वारा घुसलेला असतो, दार करकरत उघडते, नायिका श्वास रोखून अंधारात पाहते आणि कपाटावरून एक काळे मांजर धप्पकन उडी मारते. नायिका किंचाळते, तिच्याबरोबर चित्रगृह किंचाळते. मग सगळे हसतात. अरे, मांजर होते! मांजर निघून जाते. श्रेयनामावलीत त्याचे नाव नसते, चित्रपटाच्या चर्चेत कुणी त्याचा उल्लेख करत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. खेळ संपला की भूत चित्रगृहातच राहते. मांजर मात्र आपल्याबरोबर घरापर्यंत येते. कारण भूत गल्लीत भेटत नाही, मांजर रोज भेटते.

आमचे काही वाचक म्हणतील, समाजापुढे अत्याचाराचे, शिक्षणाचे, नोकऱ्यांचे एवढे प्रश्न असताना वकीलसाहेबांना आज मांजर कुठून सुचले? सवाल रास्त आहे. आमचे उत्तर असे की, या तीन सेकंदांच्या मांजराच्या आडून आपल्या पोरांच्या डोक्यात एक कायदा शिरतो. काही जीव केवळ समोर आल्यानेच अनिष्ट ठरतात, त्यासाठी कोणताही पुरावा लागत नाही, हा तो कायदा. हाच कायदा आपल्या पूर्वजांवर हजारो वर्षे चालवला गेला. म्हणून मांजराचा खटला हा आपलाही खटला आहे.

आधी ही करामत चालते कशी ते पाहू. भयपट काढणाऱ्याला मांजर परवडते. राक्षसाचा मुखवटा करायला कारागीर लागतो, रंगभूषेला तास न् तास जातात. मांजराला काहीच लागत नाही. मांजराच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्याला टॅपिटम ल्युसिडम म्हणतात. डोळ्यांत शिरलेला उजेड या थरावर आदळून पुन्हा बाहेर येतो, त्यामुळे अंधारात दोन दिवे पेटल्यासारखे दिसतात. हा थर मांजराला कमी उजेडात उंदीर दिसावा म्हणून आहे, आपल्याला घाबरवण्यासाठी नाही. पायांना मऊ गाद्या आणि आत ओढली जाणारी नखे, म्हणून चाल बिनआवाजी. विणीच्या काळातले त्याचे ओरडणे तान्ह्या पोराच्या रडण्यासारखे वाटते. कृष्णधवल चित्रपटात तर काळ्या मांजराचे अंग अंधारात विरून जाते आणि फक्त डोळे उरतात. एवढी सामग्री फुकट मिळत असेल तर कोण सोडणार?

दुसरी गोष्ट म्हणजे मांजर ही हूल असते. प्रेक्षकाला काहीतरी भयंकर येणार हे ठाऊक असते. दिग्दर्शक आधी शांतता वाढवत नेतो आणि एकदम मोठा आवाज करतो. आपण दचकतो. हे दचकणे बुद्धीचे नसते, शरीराचे असते. मांजर दिसले की आपण सैल होतो आणि नेमका त्याच क्षणी मागून खरा घाव येतो. १९४२ साली अमेरिकेत ‘कॅट पीपल’ नावाचा चित्रपट आला. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टूर्नूर. त्यात रात्री एकटी चाललेली बाई पाठीमागच्या चाहुलीने घाबरलेली असते आणि अचानक फिसकारल्यासारखा आवाज करत एक बस तिच्यासमोर येऊन थांबते. श्वापद नाही, साधी बस! या युक्तीला पुढे ‘ल्यूटन बस’ असेच नाव पडले. नंतरच्या भयपटवाल्यांनी बसच्या जागी मांजर बसवले. बसपेक्षा ते स्वस्त पडते.

त्याच चित्रपटात एक छोटे मांजर काही क्षणांसाठी येते. नायक ते नायिकेला भेट म्हणून आणतो आणि ते पिल्लू तिला पाहताच फिसकारते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात ती पाऊल टाकते तर सगळे पशुपक्षी कालवा करतात. म्हणजे येथे मांजर अपशकुनी नाही, ते जाणते आहे. माणसाला न कळणारी गोष्ट त्याला कळते, असे दिग्दर्शक सांगतो. ही कल्पनाच आहे, पण या कल्पनेत मांजराकडे साक्षीदार म्हणून पाहिले आहे. आपल्याकडे त्याला थेट आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

आता आपल्या हिंदी चित्रपटांकडे येऊ. नाशिकच्या विजयानंद, सर्कल, मधुकर, हेमलता अशा एकपडदा चित्रगृहांच्या काळात वाढलेल्या पिढीला आम्ही सांगण्याची गरज नाही. पण एक महत्त्वाची बाब त्या पिढीच्याही नजरेतून सुटली आहे. जुन्या हिंदी भयपटांत भूत जवळजवळ नसेच! १९४९ सालचा ‘महल’ घ्या. कमाल अमरोहींचा, अशोककुमार आणि मधुबालाचा. पूर्ण चित्रपटभर जिला आपण अतृप्त आत्मा समजतो ती शेवटी त्या महालाच्या माळ्याची मुलगी निघते. भूत न्यायालयात साक्षीला उभे राहते आणि आपण माणूस असल्याचे सांगते! १९६२ सालच्या ‘बीस साल बाद’मध्ये ठाकूर घराण्यामागे लागलेल्या आत्म्याची दहशत आहे, पण खून करणारा हात अखेर माणसाचाच ठरतो. १९६४ सालच्या ‘वह कौन थी’मध्ये पावसात पांढऱ्या साडीत फिरणारी बाई भूत नसते. नायकाला वेडा ठरवून वारसाहक्काची इस्टेट लाटण्याचा तो कट असतो. मृत्युपत्रातली एक अट आणि तिच्याभोवती रचलेले हे भुताटकीचे नाटक. वकील म्हणून आम्हाला हा चित्रपट फार आवडतो, कारण त्यात भुताचा पत्ता थेट मिळकतीच्या कागदपत्रांत सापडतो.

याचा अर्थ असा की, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत हे चित्रपट प्रेक्षकाला घाबरवत होते, पण घरी पाठवताना त्याच्या हातात विवेक ठेवून पाठवत होते. भुतामागे माणूस शोधा, माणसामागे स्वार्थ शोधा, हे त्यांचे सांगणे होते. पुढे रामसे बंधूंचा काळ आला. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’, १९८४ साली ‘पुराना मंदिर’, १९८८ साली ‘वीराना’. आता सैतान खरोखरचा झाला, शाप खरा झाला आणि तोडगा पोलीस ठाण्याऐवजी त्रिशूळात सापडू लागला. १९९३ साली हेच रामसे ‘झी हॉरर शो’ घेऊन घराघरांत शिरले. त्याआधी १९९२ साली रामगोपाल वर्मांचा ‘रात’ आला होता. त्यात मांजराला चार सेकंदांपेक्षा मोठी भूमिका मिळाली. ते गाडीखाली येऊन मरते, पुरले जाते आणि मेलेले मांजर पुन्हा घरात दिसू लागते. अखेर उपयोगी पडतो तो मांत्रिक. म्हणजे १९४९ साली जे प्रकरण न्यायालयात उलगडत होते, ते पन्नास वर्षांच्या आत मांत्रिकाच्या पाटापुढे आले. समाज पुढे गेला की मागे, हे वाचकांनीच ठरवावे.

पण या दोन्ही काळांत एक गोष्ट बदलली नाही. भुताचा उलगडा करणाऱ्या चित्रपटांच्या परंपरेनेही मांजराचा उलगडा कधी केला नाही. कट उघडकीस येतो, खलनायकाला बेड्या पडतात, नायक-नायिका सूर्योदयात निघून जातात. भुताची निर्दोष मुक्तता होते. मांजराची होत नाही. शेवटी एखाद्या पात्राने, ‘ते मांजर बिचारे उंदरामागे आले होते,’ असे म्हटल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. त्याची सुनावणीच झाली नाही, मग सुटका कशी होणार? दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कुणालाही शिक्षा करू नये, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व. मांजराच्या बाबतीत ते पायदळी तुडवले गेले.

आता या आरोपातला पुरावा तपासू. आरोप असा की, काळे मांजर दिसले किंवा आडवे गेले की काम बिघडते. पण ब्रिटनमध्ये काळे मांजर आडवे जाणे हे शुभ समजतात. जपानमध्ये दुकानाच्या दारात पंजा हलवणारे मांजर भरभराटीसाठी ठेवतात. म्हणजे एकच कृत्य, एकच आरोपी, पण देश बदलला की निकाल उलटा. आपल्याच देशात षष्ठीदेवीचे वाहन मांजर आहे. आपल्याच खेड्यांत मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे म्हातारी माणसे सांगत. मारले तर महापाप आणि समोर आले तर अपशकुन! मग त्या जिवाने जावे तरी कुठे? युरोपातही हेच घडले. १२३३ साली पोप नवव्या ग्रेगरीने काढलेल्या फर्मानात पाखंड्यांच्या गुप्त विधींच्या वर्णनात काळे मांजर आले. पुढे चेटकीण ठरवून बायकांना जाळण्याचे सत्र सुरू झाले तेव्हा मांजर त्यांचे साथीदार ठरले. चित्रपटवाल्यांनी मांजराची ही बदनामी निर्माण केली नाही. त्यांनी ती तयार उचलली आणि तिला पडदा दिला.

आमच्या व्यवसायातला एक अनुभव सांगतो. तारखेच्या दिवशी आमचे एक अशील न्यायालयाच्या फाटकाजवळ थबकले. मांजर आडवे गेले होते. ‘साहेब, पाच मिनिटे थांबू, दुसरे कुणी ओलांडून जाऊ द्या.’ आम्ही विचारले, ‘दुसरे कुणी म्हणजे कोण? याच फाटकातून समोरची पार्टीही येणार आहे. मग अपशकुन कुणाला?’ ते हसले, पण थांबले. दाव्यात दोन पक्ष असतात आणि एकजण हरतोच. त्यामुळे रस्त्यात मांजर आले तर ते कुणाला ना कुणाला भोवणारच. जो हरला तो मांजर आठवतो, जो जिंकला तो विसरतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असे आपलीच भाषा सांगते. आणि दुसऱ्याला आधी ओलांडून जाऊ द्यायचे, म्हणजे संकट त्याच्या डोक्यावर जाईल, ही तर अपशकुनापेक्षा वाईट नीती! पाच मिनिटे थांबण्याने काही बिघडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या नीतीचा विचार करावा.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात प्रायश्चित्तांची यादी आहे. मांजर, मुंगूस, चाष पक्षी, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड किंवा कावळा मारल्यास शूद्रहत्येचे प्रायश्चित्त घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. वाचकहो, ही यादी पुन्हा एकदा नीट वाचा. मांजर, कुत्रा, घुबड, कावळा! ही तर भयपटातली सगळी नटमंडळी! हवेलीवर घुबड बसते, स्मशानात कुत्रा रडतो, खिडकीवर कावळा येतो, जिन्यावरून मांजर उडी मारते. आणि त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कोण आहे? शूद्र. शूद्राचा जीव आणि मांजराचा जीव एकाच भावाने मोजणारे हे शास्त्र बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळले. ते का जाळले हे आम्ही आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. पण एवढे लक्षात ठेवावे की, माणसाला पशूच्या पंक्तीला बसवणारी व्यवस्था पशूलाही सन्मान देत नव्हती. तिला दोघांचेही मोल सारखेच कमी होते.

नाशिककरांना तर याचा धडा दारातच मिळाला आहे. काळाराम मंदिरातली मूर्ती काळ्या पाषाणाची. तिच्या नावातच काळा रंग आहे. त्या मूर्तीपुढे लाखो लोक हात जोडतात. काळा देव पूज्य, काळे मांजर अपशकुनी आणि २ मार्च १९३० रोजी त्याच मंदिराच्या दाराशी सत्याग्रहासाठी उभी राहिलेली आमची माणसे अपवित्र! बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या चिकाटीने हा सत्याग्रह वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. मग दोष रंगात होता काय? रंगात असता तर देवाचेही दर्शन कुणी घेतले नसते. शुभ कोण आणि अशुभ कोण हे ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, हाच खरा प्रश्न आहे. मांजराने तो अधिकार कधी मागितला नाही. आम्ही मागितला. आमचा आणि मांजराचा फरक एवढाच.

हा अधिकार माणसांवर कसा चालतो ते पाहा. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्मला म्हणजे गुन्हेगार, मग त्याने चोरी केलेली असो वा नसो. पोलीस पाटलाकडे हजेरी, गावाबाहेर जायला परवानगी. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण पारधी समाजाचा माणूस रस्त्यात दिसला की आजही संशयाने पाहणारे डोळे गेले नाहीत. लग्नानंतर सासरी कुणी दगावले की नवी सून ‘पांढऱ्या पायाची’ ठरते. मांजराला काळा रंग भोवतो, सुनेला पांढरा पाय! विधवा बाई समोर आली तर शुभकार्याला निघालेले मागे फिरतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ साली विधवा प्रथेविरुद्ध ठराव करावा लागला, तो यासाठीच. उत्तर महाराष्ट्रातून बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. तिथे दवाखाना दूर असतो, जमिनीचा वाद जवळ असतो आणि तापाने पोर गेले की बोट एकट्या म्हातारीकडे जाते. मांजराबाबत गंमत म्हणून शिकलेला कायदा असा माणसांवर येऊन पडतो.

महाराष्ट्राने याविरुद्ध कायदा केला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे इतरांवर संकट येते असे ठरवून तिला छळणे हा आज गुन्हा आहे. भुताची भीती घालून लोकांत घबराट पसरवणे हाही गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण कायद्याची एक मर्यादा असते. तो कृतीला शिक्षा करतो, मनातल्या समजुतीला नाही. आणि तेच योग्य आहे. मन बदलण्याचे काम पोलिसांचे नाही, आपले आहे.

मांजराला दुसऱ्या नजरेने दाखवता येते काय? येते. एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची १८४३ सालची ‘द ब्लॅक कॅट’ ही कथा भयपटवाल्यांनी अनेकदा वापरली. १९३४ सालच्या याच नावाच्या चित्रपटात बेला लुगोसीचे पात्र मांजराला एवढे भिते की, ते दिसताच सुरी फेकून त्याला ठार करते. चित्रपटाने कथेचे नाव तेवढे घेतले, गाभा सोडला. मूळ कथा काय आहे? दारूच्या आहारी गेलेला नवरा आधी आपले मांजर छळतो, मग बायकोचा खून करून प्रेत भिंतीत चिणतो. घराच्या झडतीच्या वेळी भिंतीतून मांजराचा आवाज येतो आणि खून उघड होतो. म्हणजे गुन्हेगार दारुडा नवरा आणि मांजर सरकारी पक्षाचे साक्षीदार! आपल्या वस्त्यांतल्या किती भगिनींना या कथेतला नवरा ओळखीचा वाटेल, हे आम्ही कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांतून जाणतो.

जपानमध्ये कानेतो शिंदो यांनी १९६८ साली ‘कुरोनेको’ काढला. कुरोनेको म्हणजे काळे मांजर. शेतकऱ्याच्या झोपडीत सामुराईंची टोळी घुसते, सासू-सुनेवर अत्याचार करून झोपडी पेटवून देते. त्यांच्या कलेवरांजवळ येते ते फक्त एक काळे मांजर. पुढे त्या दोघी सूड घेणारे आत्मे होऊन परततात. भूतबीत आम्ही मानत नाही. पण ज्यांच्यासाठी कुणी फिर्याद नोंदवली नाही, त्यांच्याजवळ उभा राहिलेला एकमेव जीव म्हणून मांजर दाखवणारा हा दिग्दर्शक कुणाच्या बाजूने उभा आहे ते कळते. आपल्या हवेलीतल्या मांजराला अशी बाजू कधी मिळाली नाही.

शकुनाची चिकित्सा आपल्याला परक्यांकडून शिकायची गरज नाही. मंगल जातकाच्या प्रास्ताविकात राजगृहाच्या एका ब्राह्मणाची गोष्ट आहे. उंदराने कुरतडलेले वस्त्र घरात ठेवले तर सर्वनाश होईल म्हणून तो ते मुलाकरवी काठीवर लटकवून स्मशानात टाकायला पाठवतो. भगवान बुद्ध ते वस्त्र उचलतात. ब्राह्मण घाबरून धावत येतो, तेव्हा शकुन-अपशकुनाला बांधलेला माणूस मुक्त नसतो हे बुद्ध त्याला समजावतात. उंदीर आले म्हणून अपशकुन आणि उंदीर खाणारे मांजर आले तरी अपशकुन, मग माणसाने सुखाने जगावे कधी? ब्रह्मजाल सुत्तात उंदराने कुरतडलेल्या खुणांवरून भविष्य सांगण्याला हीन विद्येत टाकले आहे. आधुनिक काळात जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. त्यात एक जोशी गरोदर शेतकरीण आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. भीती कशी तयार होते आणि तिचे पैसे कोण घेतो, हे जोतीरावांनी पडद्याचा शोध लागण्यापूर्वीच दाखवले होते.

आता प्रत्यक्ष मांजराचे काय? १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली झालेल्या नियमांनुसार चित्रीकरणात प्राणी वापरायचा तर नोंदणी आणि परवानगी लागते. म्हणून हल्ली सुरुवातीला प्राण्यांना इजा झाली नाही अशी पाटी येते. जुन्या चित्रपटांतल्या मांजरांना हे संरक्षण नव्हते. मांजर सांगून उडी मारत नाही, एवढे वाचकांनी ध्यानात घ्यावे. पण शरीराला इजा झाली नाही म्हणजे इजा झालीच नाही काय? बदनामीची भरपाई कोण देणार? राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आहेत. १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ती आली. त्यात प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे एक कर्तव्य आहे आणि त्याला लागूनच पुढचे कर्तव्य आहे वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चिकित्सक बुद्धी वाढवण्याचे. ही दोन कर्तव्ये शेजारीशेजारी आहेत. अपशकुनी म्हणून मांजराला दगड मारणारा माणूस एका दगडात दोन्ही मोडतो.

आम्ही जुन्या भयपटांवर बंदी मागत नाही. बंदीने काही साधत नाही, आणि ‘महल’सारखे चित्रपट तर पोरांना जरूर दाखवावेत. सिगारेटच्या दृश्याखाली इशाऱ्याची पाटी येते तशी पाटी मांजराखाली लावा, अशीही मागणी नाही. पाटी वाचून भीती जात नाही. भीती जाते ती तिची यंत्रणा कळल्यावर. आज हे सगळे चित्रपट मोबाइलवर आहेत आणि पोरे रात्री पांघरुणात ते एकटीच पाहतात. त्यांच्यासोबत बसा. मांजर आले की चित्र थांबवा आणि विचारा, हे इथे का आले? याने कुणाचे काय बिघडवले? आवाज कुठून आला? विहारातल्या रविवारच्या बालवर्गात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, वस्तीतल्या वाचनालयात हा खेळ अर्ध्या तासात होतो. आणि दुसऱ्या दिवशी मांजर आडवे गेले की आईवडिलांनी पोराचा हात धरून न थांबता पुढे चालावे. कुणी दुसऱ्याने आधी ओलांडावे म्हणून वाट पाहू नये.

नाशिकला हे काम अधिक शोभेल. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके आपल्या जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरचे. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी आपला कारखाना नाशिकला आणला, आणि त्यांचे स्मारक आज त्रिरश्मी बुद्धलेण्यांच्या पायथ्याशी, बुद्धविहाराच्या शेजारी आहे. त्यांनी पडद्यावर पौराणिक चमत्कार दाखवले हे खरे. पण त्याच फाळक्यांनी १९१७ साली ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपटही काढला होता. करामत दाखवणाऱ्याने करामतीचे गुपितही लोकांपुढे उघडे केले. शंभर वर्षांनंतर आपल्या पोरांना तेवढेच शिकवायचे आहे. भीती कशी तयार करतात, ती कोण तयार करतो आणि तिच्यासाठी बळी कुणाचा दिला जातो. हे ज्याला मांजराच्या बाबतीत कळले, तो उद्या कुठल्याही माणसाला अपशकुनी म्हणू धजणार नाही, आणि स्वतःला कुणी तसे म्हटले तर खपवूनही घेणार नाही.